साक्षीदाराचा रकाना

मेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये म्हणतात. हे ज्यानं म्हटलं त्याला इजाबेल नावाची आत्या नसणार. मला होती. तिला जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली, माझ्या स्वतःच्या डोक्यावर एक काळा केस उरला नाही, तरी डिसेंबर जवळ आला आणि देवळात जांभळे पडदे लागले, की मला पहिली आठवण येणाऱ्या बाळ येशूची होत नाही, आत्याची होते, आणि माझे गुडघे आपोआप दुखायला लागतात.

आमचं घर अंधेरीला, पूर्वेकडच्या गावठाणात. तेव्हा गावठाणापुढे भाताची खाचरं होती, ताडाची झाडं होती, आणि सांताक्रूझहून उडालेलं विमान डोक्यावरून गेलं की कोंबड्या अजून पळत सुटायच्या. आम्ही तिथले जुने ख्रिस्ती. आजोबा लवकर गेले, आजी त्याच्या आधी, आणि माझ्या वडिलांना, सांतानना, त्यांच्याहून बारा वर्षांनी मोठ्या या बहिणीनं वाढवलं. त्यासाठी तिनं लग्न केलं नाही. हे खरं आहे आणि ते मी लिहून टाकते, म्हणजे पुन्हा सांगायला नको. आत्या मात्र ते रोज सांगायची.

ती उंच, काटकुळी, पाठीनं ताठ. चौकड्यांचं लुगडं, कानात जड सोनं आणि कमरेला किल्ल्यांचा जुडगा. देवळात पहिल्या बाकावर डाव्या कोपऱ्यातली जागा तिची. कुणी नवखा तिथं बसला, तर ती त्याला उठ म्हणायची नाही. त्याच्या शेजारी उभी राहून खोकायची. गावातल्या निम्म्या पोरांना धर्मशिक्षण तिनं दिलं होतं. दहा आज्ञा, सात संस्कार, सात मुख्य पापं हे सगळं तिला पाठ होतं आणि त्यातली पापं तिच्या विशेष आवडीची होती. तिची एक म्हण होती, "देवाला डोळे दोन, मना चार." मना म्हणजे मला, आणि हे ती गमतीनं म्हणत नसे.

नाताळाच्या आधीचे चार रविवार म्हणजे आमचा आगमनकाळ. या दिवसांत लग्नं लागत नाहीत, वेदीवर फुलं नसतात. माणसानं आपल्या मनाचा केरकचरा काढावा आणि येणाऱ्यासाठी जागा करावी, असा त्याचा अर्थ. आत्यानं त्या अर्थाला आपलं वळण दिलं होतं. ती दुसऱ्यांच्या मनाचा केर काढायची.

संध्याकाळी देवळाची घंटा झाली की आम्ही सगळे अल्ताराच्या खोलीत गुडघे टेकायचो. अल्तार म्हणजे भिंतीतलं लाकडी कपाट, आत मरियामाऊलीचा पुतळा आणि दोन मेणबत्त्या. खाली सतरंजी नाही, कारण बाळ येशूला गोठ्यात सतरंजी नव्हती. दहा-दहा 'नमो मरिया' प्रार्थनांच्या पाच दशकांची माळ व्हायची, मग आत्या चार ओळींचं मनन सांगायची, आणि मग सुरू व्हायचं ते तिचं स्वतःचं. प्रत्येकासाठी वेगळी नमो मरिया.

"एक नमो मरिया सांतानसाठी, की ताडीच्या दुकानावरून जाताना त्याचे पाय सरळ चालावेत."

"एक नमो मरिया फिलूसाठी, की तिची जीभ थोडी आखूड व्हावी."

फिलू म्हणजे मी. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन. आपली जीभ आखूड व्हावी म्हणून आपणच मोठ्यानं प्रार्थना करायची, यातला अपमान मला त्या वयातही कळत होता. खोलीची गल्लीकडची खिडकी आत्या याच वेळी सताड उघडायची. देवाला ऐकू जायला खिडकी लागत नाही. गल्लीला लागते.

शेजारचा मिंगेल ताडी काढायचा. त्यानं एकदा कुंपण सरकवून आमची हातभर जागा घेतली. आत्या भांडली नाही. सलग नऊ संध्याकाळी तिनं खिडकीतून मिंगेलसाठी नमो मरिया म्हटली, की त्याच्या हातून चोरी सुटावी आणि ताडावर असताना देवदूतांनी त्याला सांभाळावं. दहाव्या दिवशी मिंगेल कुंपण मागे घेऊन दारात आला. "इजाबेलबाय, मना शिव्या दे, दगड मार. पन देवाच्या कानात माजं नाव घालू नको. मी रोज झाडावर चढतंय." आत्यानं त्याला चहा पाजला आणि त्या संध्याकाळी त्याच्या नावानं आभाराची नमो मरिया म्हटली. तीही खिडकी उघडी ठेवूनच.

मागच्या दोन खोल्यांत मालवणकडचे परब भाडेकरू होते. त्यांच्या आत्म्याची काळजीही आत्याकडेच होती. परबांना खरा मार्ग दिसावा म्हणून तिनं नमो मरिया म्हटली, तेव्हा परबवहिनी ओल्या हातानं खिडकीशी आल्या आणि म्हणाल्या, "आमच्यासाठी मागतास तर मागा हो बाय, माझी ना नाय. पण खोलयेचा छप्पर गळता, तां आधी बघा." मी हसले, म्हणून मला रात्रीचं जेवण मिळालं नाही. छप्पर पुढच्या पावसाळ्यातही गळलं.

नाताळाचे गोड पदार्थ याच दिवसांत व्हायचे. सगळ्यांनी बसून पिठाच्या गोळ्या नव्या कंगव्यावर दाबून वळायच्या, तेलात तळायच्या, साखरेत घोळवायच्या, म्हणजे कुलकुल. वळताना तोंडानं प्रार्थना चालू आणि नाताळपर्यंत एकही तोंडात टाकायचा नाही. वडील चाळिशीला आलेले, रेल्वेच्या कारखान्यात फिटर, हाताखाली चार माणसं. त्यांनी एकदा माळ चालू असताना गालात कुलकुल लपवला. आत्यानं माळ थांबवली आणि त्यांना म्हणाली, "पुढची दहा तू मोठ्यानं म्हन." वडील ना चावू शकत, ना बोलू शकत. शेवटी त्यांनी तो सगळ्यांसमोर हातात काढला. आत्यानं तो कागदात गुंडाळून अल्तारावर ठेवला आणि नाताळपर्यंत तिथंच राहू दिला. आज सांगताना मला हसू येतं, पण वडिलांच्या मानेवरचा लाल रंग मी पाहिला होता. त्या माणसानं बहिणीपुढे कधी मान वर केलीच नाही आणि त्याची किंमत आईनं भरली.

आईचं नाव मार्था. बोलणं कमी, हात सतत कामात. तिच्यासाठी आत्याची प्रार्थना सगळ्यात शेवटी यायची आणि तिच्यात आईचं नाव नसायचं.

"आता एक नमो मरिया त्या लेकराची आठवन करून, जे स्वर्गाच्या दारातच राहिलं. आनि ज्यांच्या हलगर्जीपनानं राहिलं, त्यांना पश्चात्ताप व्हावा."

आगमनकाळाच्या प्रत्येक संध्याकाळी. तीन वर्षं. आई ती नमो मरिया सगळ्यांबरोबर म्हणायची. मी तिच्या शेजारी असायचे, आणि तिच्या बोटांतला माळेचा मणी पुढे सरकायचाच नाही.

ते लेकरू म्हणजे माझा भाऊ. मी नऊ वर्षांची असताना, आगमनकाळातच, आईला दिवस भरायच्या आधी कळा आल्या. वडील कामावर होते, मी शाळेत. मी घरी आले तेव्हा आत्या ओट्यावर पाय सोडून बसली होती, पायांना चिखल लागलेला, मांडीवर एक छोटी बाटली. "भाऊ झाला होता. मेलेलाच आला," एवढंच ती म्हणाली. फादरनाही तिनं तेच सांगितलं.

याचा अर्थ काय, ते आजच्या पोरांना सांगावं लागतं. आमच्यात तेव्हा असं शिकवलं जायचं, की बाप्तिस्मा न होता गेलेलं बाळ नरकात जात नाही, पण स्वर्गातही जात नाही. मधल्या एका जागी राहतं, जिथं दुःख नाही, पण देवाचं तोंड कधी दिसत नाही आणि आईचंही नाही. अशा बाळाला दफनभूमीच्या आशीर्वादित जमिनीत पुरत नसत. माझ्या भावाला भिंतीच्या कडेला, एरंडाच्या झुडपापाशी पुरलं. क्रूस नाही, नाव नाही. आत्यानं घराघरात सांगितलं, की मार्था पोटुशी असताना भाऱ्यांचं ओझं वाहत होती, मी लाख सांगितलं, ऐकलं नाही. गल्लीनं मान डोलावली. आत्या खोटं बोलेल असं आमच्या गावात कुणाच्या डोक्यातही आलं नसतं.

मी बारा वर्षांची झाले तेव्हा बिशप येणार म्हणून दृढीकरण संस्काराची, म्हणजे बाप्तिस्म्यावर शिक्कामोर्तब करणाऱ्या विधीची, तयारी सुरू झाली. यावेळी शिकवायला देवळातले नवे फादर होते. एका दुपारी त्यांनी सांगितलं, की जीव जायची वेळ असेल तर बाप्तिस्मा कुणीही देऊ शकतं. बाई, पुरुष, ख्रिस्ती नसलेला माणूससुद्धा. पाणी कुठलंही चालतं, विहिरीचं, नळाचं, डबक्याचं. फक्त ते डोक्यावर ओतायचं आणि म्हणायचं, मी तुझा बाप्तिस्मा करते, बापाच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं. मी हात वर करून विचारलं, की पाणी देवळातलं आशीर्वादित नको का, कारण आमच्या आत्यानं तसं शिकवलंय. फादर हसले आणि म्हणाले, "आशीर्वादित पाणी आणायला धावत बसलात, तर बाळ वाट बघत नाही, पोरी."

घरी येऊन मी हे आईला सांगितलं, आत्याची चूक निघाली या आनंदात. आई पीठ मळत होती. तिचे हात थांबले. "परत सांग," ती म्हणाली. मी सांगितलं. "साधं पानी?" साधं. "पिन्याचं?" हो, डबक्याचंसुद्धा. तिनं मला तिसऱ्यांदा सांगायला लावलं आणि मग पिठाच्या हातांनीच माझा दंड धरून मला मागच्या दारी नेलं. जे तिनं माझ्या वडिलांनाही सांगितलं नव्हतं, ते मला सांगितलं.

बाळ जिवंत आलं होतं. निळसर होतं, रडलं नाही, पण छाती हलत होती. सुईणीला बोलावणं गेलं होतं, ती आली नव्हती. घरात आत्या आणि आई दोघीच. आत्यानं अल्तारावरची आशीर्वादित पाण्याची बाटली उचलली, ती रिकामी होती. पाण्याचं मडकं हाताच्या अंतरावर होतं. तरी आत्या ती बाटली घेऊन देवळाकडे पळाली, खाचरांच्या बांधावरून, अनवाणी. जायला दहा मिनिटं, यायला दहा. आईनं खाटेशेजारचा तांब्या ओढला, बाळाच्या डोक्यावर पाणी ओतलं आणि लहानपणी पाठ केलेले शब्द म्हटले. नाव ठेवलं आंतोन. आत्या परत आली तेव्हा बाळ गेलं होतं.

"मी तिला सांगितलं, मी पानी घातलं म्हून," आई म्हणाली. "ती बोलली, साध्या पान्यानं काय होतंय? तुजं पानी फुकट गेलं. आता सांतानला सांगू नको, उगा झुरेल. मेलेलाच आला असं सांगूया." आईनं मान्य केलं. आत्याला धर्म ठाऊक होता, आईला फक्त प्रार्थना ठाऊक होत्या.

चूक मी समजू शकते. भीतीनं माणूस मडकं सोडून देवळाकडे धावतं. पण त्या चुकीवर झाकण म्हणून तिनं आईच्या डोक्यावर तीन वर्षं आगमनकाळात रोज संध्याकाळी जे ओतलं, ते मला तेव्हाही समजलं नाही, आजही समजत नाही.

आई दुसऱ्या दिवशी कामं टाकून फादरकडे गेली आणि मला बरोबर नेलं. फादरनी तिच्याकडून शब्द म्हणवून घेतले. आई उभी राहून, पदर दोन्ही हातांत धरून, शाळेतल्या मुलीसारखी बोलली. फादर खुर्चीतून उठले. मग म्हणाले, "बाई, तुमचा मुलगा स्वर्गात आहे. याबद्दल शंका धरू नका." आई तिथंच जमिनीवर बसली. तिला मी त्याआधी आणि त्यानंतर कधी तसं रडताना पाहिलं नाही.

पण तिला आणखी एक गोष्ट हवी होती. एरंडाच्या झुडपापाशी क्रूस. फादर म्हणाले, जागेला आशीर्वाद देता येईल, क्रूसही लावता येईल. मात्र आधीच्या फादरांच्या वहीत मूल मेलेलं जन्मलं असं लिहिलंय, ते घरातल्या बाईनंच सांगितलेलं आहे. मूल जिवंत होतं असं दुसऱ्या कुणीतरी सांगून सही करायला हवी. एकाची पुरे. त्यांनी बाप्तिस्म्याची मोठी वही काढली, आंतोनचं नाव शाईनं लिहिलं, आईवडिलांची नावं लिहिली आणि साक्षीदाराचा रकाना मोकळा ठेवला. आईखेरीज ते पाहिलेला माणूस जगात एकच होता.

त्या संध्याकाळी माळ झाली, मनन झालं, सगळ्यांच्या नमो मरिया झाल्या. आत्यानं शेवटची सुरू केली, "आता त्या लेकराची आठवन करून," आणि आई मध्येच बोलली. आमच्या घरात प्रार्थनेत मध्ये कुणी बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

"त्याच्यासाठी मागायला नको, इजाबेलबाय. तो पोचला. आता त्यानं आपल्यासाठी मागायचं."

मग तिनं सगळं सांगितलं. आवाज न चढवता, अल्ताराकडे तोंड करून. तांब्या, शब्द, नाव, फादरांची वही. शेवटी म्हणाली, "तुमी निगाला तवा त्याची छाती हलत होती. तेवडं सांगा आनि सही करा. बाकी मी कुनाला काय बोलनार नाय."

आत्याची पाठ आमच्याकडे होती. मग मान न वळवता म्हणाली, "मना आठवत नाय."

वडील माळ हातात धरून तसेच गुडघ्यांवर राहिले. मी त्यांच्याकडे पाहत होते, की आता उठतील, आता विचारतील. ते उठले आणि बाहेर जाऊन ओट्यावर बसले. एवढंच त्यांनी केलं. आत्या उठली, मेणबत्त्या विझवल्या आणि खिडकी लावून घेतली.

दुसऱ्या दिवसापासून ती ओळ प्रार्थनेतून गेली. बाकी सगळं तसंच. मिंगेल, परब, माझी जीभ, वडिलांचे पाय. आत्या पहिल्या बाकावर डाव्या कोपऱ्यात बसत राहिली आणि लोक तिच्याकडे धर्मातल्या शंका विचारायला येत राहिले. कुणाला काही कळलं नाही, कारण आईनं शब्द दिला होता आणि मला गप्प राहायची शपथ घातली होती. मी आत्याशी कामापुरतं बोलायचे. तिचं पाणी भरायचे, तिचे पाय चेपायचे आणि मनात तिला शिव्या घालायचे. कुमसाराला, म्हणजे फादरांपुढे पापं कबूल करायला, गेले की ते पाप सांगायचे आणि परत येऊन पुन्हा तेच करायचे.

दर वर्षी आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, मिस्साची प्रार्थना झाली की, आई देवळाच्या पायऱ्यांवर आत्यासाठी थांबायची आणि एकच प्रश्न विचारायची, "बाय, आज येता काय फादरकडे?" आत्या लुगड्याचा पदर सारखा करून पुढे चालू लागायची. पुढच्या वर्षापर्यंत आई तो विषय काढायची नाही. चार वर्षं तिनं विचारलं. पाचव्या वर्षी विचारायला ती नव्हती. ऐन पावसाळ्यात टायफॉईडचं निमित्त झालं आणि तीन आठवड्यांत ती गेली. शेवटच्या दिवसांत तिची सगळी सेवा आत्यानं केली, ताप पाहिला, अंग पुसलं, रात्री जागली. हेही लिहून टाकते. पण त्या तीन आठवड्यांत ती एक शब्द बोलू शकली असती. आई ऐकू शकत होती.

आणखी दोन वर्षांनी माझं लग्न ठरलं, गोरेगावच्या मुलाशी. आगमनकाळात लग्न लागत नाही, म्हणून नोव्हेंबरातच उरकायचं होतं. बाप्तिस्म्याचा दाखला आणायला मी देवळाच्या ऑफिसात गेले. कारकुनानं वही काढली, माझं पान शोधलं, आणि मी त्याला म्हटलं, की बारा वर्षांनंतरचं एक पानही दाखवा. आंतोनचं नाव एकदा पाहावं, आईच्या वतीनं, असं मनात होतं.

साक्षीदाराच्या रकान्यात सही होती. आत्याची. मोठी, वाकडी अक्षरं, जशी ती कपड्याच्या यादीवर काढायची. खाली फादरांच्या हातानं दोन ओळी, की मूल जिवंत जन्मल्याचं साक्षीदारानं सांगितलं, आणि तारीख. मी तारीख दोनदा वाचली. आईला माती दिल्यानंतरचा नववा दिवस होता.

मी घरी कशी आले ते मला आठवत नाही. आत्या ओट्यावर सुपात तांदूळ निवडत होती. मी चपलाही काढल्या नाहीत.

"वही बघून आले," मी म्हटलं.

तिचे हात थांबले नाहीत.

"आई होती तेव्हा का नाही केलीस?"

"देवाला पायजे होती, देवाला दिली."

"आईला पायजे होती."

आत्यानं एक खडा उचलून अंगणात टाकला. "तिच्या समोर नाय जमलं," ती म्हणाली. "सगल्या गावाला मी धर्म शिकवलाय, फिलू. गावानं काय म्हटलं असतं?"

क्रूस लावायला तिनं फादरना सांगितलंच नव्हतं, हेही तिच्याच तोंडून कळलं. फादरांनी दोनदा विचारलं, तिनं पुढे बघू म्हटलं. क्रूस लावला असता तर लोकांनी विचारलं असतं, की हे मूल कुठलं, आता इतक्या वर्षांनी कसं, आणि आधी का नाही. म्हणजे सही झाली, पाप धुतलं गेलं, आणि माझा भाऊ एरंडाखाली बिननावाचाच. मी तिला त्या दिवशी जे जे बोलले, ते इथं लिहीत नाही. माझी जीभ आखूड झाली नव्हती एवढंच सांगते. ती तांदूळ निवडत राहिली.

लग्नाच्या आधीच्या शनिवारी वडील आणि मी दफनभूमीत गेलो. वडिलांनी कारखान्यातल्या सुताराकडून सागवानी क्रूस करून आणला होता, त्यावर पांढऱ्या रंगानं आंतोन असं लिहिलेलं. फादर आले, त्यांनी जागेवर पाणी शिंपडलं, प्रार्थना म्हटली. दोन कबरी पलीकडे मिंगेलची बायको आपल्या सासऱ्याच्या कबरीवरचं गवत काढत होती. वाटेवरून आणखी चार-पाच ओळखीची माणसं गेली. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, छातीवर क्रूसाची खूण केली आणि पुढे गेली. मिंगेलच्या बायकोनं येऊन क्रूसापाशी दोन झेंडूची फुलं ठेवली, माझ्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणाली, की लग्नाला पापड लागले तर सांग, मी लाटून देते. कुणीही काही विचारलं नाही. आत्या दहा वर्षं ज्या प्रश्नाला भ्याली होती, तो कुणाच्या मनातही आला नाही.

आम्ही परतलो तेव्हा ती ओट्यावरच होती, खांबाशेजारी, पाठ ताठ. वडील तिच्याकडे न बघता आत गेले. मी जात होते, तिनं हाक मारली.

"फिलू. कुनी विचारलं काय?"

मला खरं सांगता आलं असतं. पण मग ती सुटली असती, आणि मला ती सुटायला नको होती. माझ्या डोळ्यांसमोर देवळाच्या पायऱ्यांवर उभी आई होती.

"सगळ्यांनी विचारलं," मी म्हटलं. "आणि मी सगळ्यांना सांगितलं. तू बाळाला टाकून पळालीस ते, फादरांशी खोटं बोललीस ते, आईवर ढकललंस ते. सगळं. आता गावात कुणाला ठाऊक नाही असं नाही."

मी तिच्या तोंडाकडे बघत उभी राहिले. मला बघायचंच होतं. आत्यानं डोळे मिटले. मग हळूहळू तिची पाठ मागे गेली आणि खांबाला टेकली. उभ्या आयुष्यात मी तिला कशाला टेकलेलं पाहिलं नव्हतं.

"बरं केलंस," ती म्हणाली. "मना नाय जमलं."

मी आत निघून गेले. तिचं माझ्या नजरेतलं शेवटचं चित्र तेच. लग्नाच्या धावपळीत ती होती, पण मी तिच्याकडे पाहिलं नाही, आणि गोरेगावहून मी वर्षभर माहेरी पाऊल टाकलं नाही. पुढल्या नाताळाच्या आधीच आत्या गेली.

वडिलांनी नंतर मला सांगितलं, की मी गेल्यावरच्या त्या आगमनकाळात आत्यानं पहिला बाक सोडला होता. ती दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसायची, आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला मान वाकवून नमस्कार करायची. गावाला वाटलं, म्हातारीचे गुडघे गेले, पुढपर्यंत चालवत नाही. कुणी कुणी तिला हात धरून पुढे न्यायला यायचं. ती नको म्हणायची.

मी खोटं बोलले होते, हे तिला सांगायला मला एक अख्खं वर्ष होतं. मी सांगितलं नाही. कुमसारालाही ते मी अजून सांगितलेलं नाही.